कागद गिरणीचा औद्योगिक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागद गिरणीचा इतिहास सांगताना बहुतेक जण यंत्रापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात लगद्यापासून करावी. यंत्राने वेग दिला हे खरं, पण गिरणी कुठे उभी राहणार, तिथे कोणाला काम मिळणार, कागद किती वर्षं टिकणार आणि शेजारच्या नदीचं काय होणार, हे सगळं लगदा कशाचा करायचा यावर ठरत गेलं. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

जगातली पहिली कागद गिरणी कुठली?

या प्रश्नाचं एका नावाचं उत्तर नाही, कारण ‘गिरणी’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवावं लागतं. कागद करण्याची रीत चीनमधली. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद करण्याची पद्धत सम्राटापुढे मांडली अशी नोंद आहे. त्याच्याही आधीच्या कागदाचे तुकडे उत्खननात मिळाले आहेत, म्हणजे त्साय लुनने चालत आलेली रीत सुधारली असं म्हणणं जास्त बरोबर. पुढे ही कला समरकंद, बगदाद असा प्रवास करत अरबांच्या हातून स्पेन आणि इटलीत पोचली.

औद्योगिक अर्थाने गिरणी म्हणावी अशी गोष्ट मला इटलीतल्या फाब्रियानो गावात दिसते. तेराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी पाण्याच्या चाकावर चालणारे मुसळांचे घण बसवले आणि चिंध्या कुटण्याचं कष्टाचं काम नदीवर सोपवलं. कागदाला शाई फुटू नये म्हणून जनावरांच्या कातड्यापासून केलेली सरस लावायला आणि कागदात जलचिन्ह उमटवायलाही त्यांनीच सुरुवात केली. कोणत्या गिरणीचा माल आहे हे ताव उजेडात धरला की कळायचं.

जर्मनीतली पहिली गिरणी आणि तिथला संप, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि ती मालकाच्याच वहीत लिहिलेली आहे. न्युरेंबर्गचा व्यापारी उलमान श्ट्रोमर याने १३९० मध्ये शहराबाहेरच्या पाणचक्कीत कागद करायला सुरुवात केली. काम माहीत असलेले कारागीर त्याने इटलीहून आणले आणि इतर कोणाला ही विद्या शिकवणार नाही अशी शपथ त्यांच्याकडून घेतली. थोड्याच काळात त्या इटालियन कारागिरांनी काम मंदावलं. गिरणी आपल्या ताब्यात यावी असा त्यांचा प्रयत्न होता असं श्ट्रोमर लिहितो. त्याने त्यांना काही दिवस बुरुजात कोंडून ठेवलं आणि पुन्हा शपथ घ्यायला लावली.

एवढ्या एका नोंदीत पुढच्या पाच शतकांचं भांडण दिसतं. कौशल्य कारागिराच्या हातात, पाणी आणि इमारत मालकाच्या हातात. चारशे वर्षांनी यंत्राचा शोध लागला तोही याच भांडणातून.

यंत्र येण्याआधी गिरणीत कागद कसा व्हायचा?

आधी चिंध्या. गिरणीत येणाऱ्या गाठी फोडून कापड निवडायचं, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, जाडंभरडं वेगळं. ते भिजवून कुजवायचं, मग मुसळांखाली दिवसरात्र कुटायचं, की शेवटी कापडाचा धागा न् धागा सुटून पाण्यात तरंगायला लागतो. हा झाला लगदा.

मग तो हौदात जातो. हौदाशी तीन माणसांची टोळी असायची. पहिला साचेवाला. तारांच्या जाळीचा साचा दोन्ही हातांनी धरून तो उभाच हौदात बुडवायचा, आडवा करून वर काढायचा आणि पाणी गळत असतानाच त्याला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे एक हलका झोका द्यायचा. त्या झोक्याने तंतू एकमेकांत गुंततात. झोका द्यायला एखाद-दोन सेकंदच मिळतात, कारण पाणी उतरलं की ताव बसला. तो एकसारखा बसला नाही तर कागद एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या साचेवाल्याचा हात वजनकाट्यासारखा चालायचा. रीममागे रीम एकाच वजनाची उतरायची.

दुसरा माणूस तो ओला ताव फेल्टवर, म्हणजे जाड लोकरी कापडावर, उलटवायचा. ताव, फेल्ट, ताव, फेल्ट अशी चळत झाली की सगळे मिळून ती दाबयंत्राखाली पिळायचे. तिसरा माणूस दाबलेले ताव फेल्टवरून सोडवायचा. मग माळ्यावर दोरीवर वाळवण, सरस, पुन्हा वाळवण, घोटाई, मोजणी. कागदाच्या आकारावर अवलंबून एक टोळी दिवसाला दोन हजारांच्या आसपास ताव काढायची.

जुन्या गिरण्यांच्या चित्रांत वरच्या मजल्याला झडपांच्या लांबच लांब खिडक्या दिसतात, त्या या वाळवणासाठी. अशी इमारत दिसली की तिथे हातकागद होत असे हे ओळखावं.

गिरण्या नदीकाठीच का?

पाण्याची दोन कामं होती आणि दोन्हींसाठी वेगवेगळं पाणी लागायचं. चाक फिरवायला जोराचा प्रवाह हवा, तो गढूळ असला तरी चालतो. लगदा धुवायला मात्र नितळ पाणी हवं. त्यात लोह असलं तर कागदावर तांबूस झाक येते. म्हणून चांगल्या गिरण्या नदीवर असूनही धुण्यासाठी झऱ्याचं पाणी वेगळं आणायच्या. वाफेचं इंजिन आल्यावर चाकाची गरज संपली, पाण्याची संपली नाही. म्हणून गिरण्या नदीकाठीच राहिल्या.

सपाट हॉलंडमध्ये धबधबे नव्हते, तर तिथे पवनचक्क्या कामाला लागल्या. वेस्टझान इथली ‘दे स्कूलमेस्टर’ ही १६९२ ची पवनचक्की आजही वाऱ्यावर कागद करते.

‘हॉलंडर’ म्हणजे काय?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डचांनी काढलेलं लगदा करण्याचं यंत्र. लंबगोल टाकीत पात्यांचा रूळ फिरतो, चिंध्या त्याखालून फिरून फिरून जातात आणि मुसळांना जे काम करायला दिवस लागायचे ते काही तासांत होतं. तंतू मात्र कुटले जाण्याऐवजी कापले जातात, म्हणून आखूड होतात. मुसळाखाली तयार झालेल्या लगद्याचा कागद जास्त चिवट असायचा. वेगासाठी मजबुती सोडण्याची ही पहिली मोठी तडजोड, आणि पुढे तशा बऱ्याच झाल्या.

कागदाचं यंत्र कोणी शोधलं?

फ्रान्समधल्या एसोन इथल्या गिरणीत काम करणाऱ्या निकोला-लुई रोबेर याने. पेटंट १७९९ चं. गिरणीचा मालक सें-लेजे दिदो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या त्या काळात हौदावरचे कारागीर आणि मालक यांचे खटके सतत उडत. हौदाची टोळीच नको असं यंत्र करावं, हा रोबेरचा हेतू होता.

त्याची कल्पना साधी होती. साचा एकेक ताव काढतो, कारण तो चौकटीचा तुकडा आहे. तारांची जाळी पट्ट्यासारखी न संपणारी केली, तिच्यावर लगदा ओतत राहिलं आणि साचेवाल्याच्या झोक्याच्या जागी जाळीलाच हलवलं, तर कागदही न संपणारा निघेल. आजची प्रचंड यंत्रं याच तत्त्वावर चालतात. रोबेरचं यंत्र हाताने फिरवायचं होतं आणि वाळवण्याची सोय त्यात नव्हती. फ्रान्समध्ये पैसा नव्हता, म्हणून दिदोचा मेहुणा जॉन गॅम्बल ही कल्पना घेऊन इंग्लंडला गेला. तिथलं पेटंट १८०१ चं.

मग यंत्राला फोर्ड्रिनियर बंधूंचं नाव का?

कारण पैसा त्यांचा. हेन्री आणि सीली फोर्ड्रिनियर हे लंडनचे कागद-व्यापारी. त्यांनी ब्रायन डॉन्किन या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं आणि १८०३ मध्ये हर्टफर्डशायरमधल्या फ्रॉगमोर गिरणीत चालणारं यंत्र उभं राहिलं. या कामात त्यांचे सुमारे ६० हजार पौंड गेले आणि १८१० मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. इतर गिरणीमालक पेटंटचे पैसे न देताच यंत्रं वापरत राहिले. रशियाच्या झारबरोबर केलेल्या कराराचेही पैसे हातात पडले नाहीत. १८४० मध्ये ब्रिटिश संसदेने नुकसानभरपाई म्हणून ७ हजार पौंड दिले.

मला यात डॉन्किनचं नाव मागे पडल्याचं जास्त वाईट वाटतं. रोबेरची कल्पना आणि रोज चालणारं यंत्र यांच्यात जे अंतर होतं ते त्याने भरून काढलं. १८५१ पर्यंत त्याच्या कारखान्याने जवळपास दोनशे कागद यंत्रं बांधली होती.

याच सुमारास, १८०९ मध्ये, जॉन डिकिन्सनने वेगळ्या तत्त्वावरचं यंत्र केलं: जाळीचा पोकळ पिंप लगद्यात फिरतो आणि पाणी आत ओढलं जाऊन कागद बाहेरून चिकटतो. जाड पुठ्ठा करायला ही पद्धत सोयीची पडली. आणि १८२० मध्ये टी. बी. क्रॉम्प्टनने वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवर कागद वाळवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे लगद्यापासून कोरड्या रोलपर्यंतचं काम एका सलग रांगेत आलं. झडपांच्या खिडक्यांचे वाळवणीचे माळे तेव्हापासून रिकामे पडू लागले.

कामगारांनी यंत्राला विरोध केला का?

केला, आणि तो समजण्यासारखा होता. इंग्लंडमधले कागद कारागीर हे त्या काळातले अतिशय संघटित कामगार होते. त्यांची एकजूट इतकी खुपत होती की १७९६ मध्ये फक्त कागद गिरण्यांतल्या कामगारांच्या संघटना मोडण्यासाठी वेगळा कायदा झाला. नोव्हेंबर १८३० मध्ये, शेतमजुरांच्या दंगली पेटल्या असताना, बकिंगहॅमशायरमधल्या हाय विकम भागात जमावाने गिरण्यांत घुसून कागद यंत्रं फोडली. मग अटका झाल्या, खटले चालले, माणसं हद्दपार झाली.

यंत्रं मात्र थांबली नाहीत. ब्रिटनमध्ये १८०० च्या सुमारास वर्षाला दहा-अकरा हजार टन कागद व्हायचा, तो सगळा हाताचा. १८६० पर्यंत हा आकडा एक लाख टनांच्या घरात गेला आणि त्यात हातकागदाचा वाटा अगदीच थोडा उरला.

यंत्र आलं, कागद वाढला, मग अडचण कुठे आली?

चिंध्यांची. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

कागद कितीही मागा, चिंध्या तेवढ्याच मिळणार. लोकांचे कपडे जेवढे फाटतील तेवढ्या. युरोपातल्या अनेक राज्यांनी चिंध्या परदेशी पाठवण्यावर बंदी घातली होती. गिरण्या वर्तमानपत्रात जाहिराती देऊन घरातल्या बायकांना चिंध्या जपून ठेवायला सांगत. क्लोरीनने कापड विरंजित करता येऊ लागलं, तेव्हा रंगीत चिंध्याही पांढऱ्या कागदासाठी चालू लागल्या आणि थोडी उसंत मिळाली. यंत्रांनी ती उसंत लवकरच खाऊन टाकली. १८५४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने चिंध्यांना पर्याय शोधणाऱ्याला १ हजार पौंडांचं बक्षीस जाहीर केलं.

प्रयत्न आधीपासून चालू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याने १७१९ मध्येच लिहून ठेवलं होतं की गांधीलमाशी लाकूड चावून त्याचं कागदासारखं घर बांधते, मग माणसाला का जमू नये. जर्मनीत याकोब शेफर याने अठराव्या शतकात साल, पाला, शेवाळ, बटाटे अशा कशाकशाचे कागद करून त्यांचे नमुने पुस्तकात छापले. लंडनमध्ये मथायस कूप्स याने १८०० च्या सुमारास गवताच्या काड्यांच्या कागदाचा मोठा कारखाना काढला आणि तो थोड्याच काळात बुडाला. जमलं ते थॉमस रूटलेजला. त्याने १८५० च्या दशकात स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या एस्पार्टो गवताचा कागद ऑक्सफर्डजवळच्या आइनशॅम गिरणीत केला आणि पुढे ब्रिटिश गिरण्या कित्येक दशकं त्या गवतावर चालल्या.

लाकडाचा कागद कधीपासून?

१८४४ पासून. सॅक्सनीतला विणकर फ्रीडरिश गोटलोब केलर याने ओल्या दगडी चाकावर लाकूड घासून त्याचा लगदा केला. त्याच वर्षी कॅनडात, नोव्हा स्कोशियात, चार्ल्स फेनर्टी याने लाकडाच्या कागदाचा नमुना एका वर्तमानपत्राकडे पाठवला. दोघांना एकमेकांची कल्पना नव्हती. केलरकडे पैसा नव्हता, त्याने हक्क हाइनरिश फोल्टरला विकले आणि फोल्टरने यंत्रं बांधणाऱ्या फॉइट यांच्या मदतीने ही पद्धत कारखान्यात आणली. रोबेरच्या बाबतीत जे झालं तेच केलरच्याही नशिबी आलं.

घासून केलेल्या लगद्यात लाकडाचा जवळजवळ सगळा भाग वापरला जातो, शंभर किलोंतले नव्वदहून जास्त. त्यामुळे तो स्वस्त. पण त्यात तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निनही राहतं, तंतू तुटलेले असतात आणि कागद कमजोर होतो. मजबूत कागदासाठी लिग्निन रसायनांनी शिजवून काढावं लागतं. त्याच्या तीन मुख्य वाटा निघाल्या. १८५० च्या दशकात बर्जेस आणि वॉट यांची सोड्याची पद्धत. मग सल्फाइटची, तिचा शोध अमेरिकेत टिलमनने लावला आणि १८७४ मध्ये स्वीडनच्या बेर्गविक इथे एकमानने ती चालवून दाखवली. आणि तिसरी क्राफ्ट, जी आज सगळीकडे आहे.

याचा परिणाम बाजारात दिसला. अमेरिकेत वर्तमानपत्राचा कागद १८६० च्या दशकात पौंडाला वीस सेंटांच्या वर गेला होता, शतक संपताना तो दोन सेंटांच्या आसपास आला. स्वस्त वर्तमानपत्र, शाळेची वही, किराणाची पिशवी, खोका, या सगळ्यांच्या मागे ही घसरण आहे. गिरण्याही हलल्या. चिंध्यांच्या काळात त्या शहरांजवळ होत्या, कारण चिंध्या शहरात मिळायच्या. लाकडाने त्यांना फिनलंड, स्वीडन, कॅनडाच्या जंगलांकडे नेलं, जिथे ओंडके नदीतूनच वाहत येत.

क्राफ्ट पद्धतीत विशेष काय?

जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल दाल याने डान्झिगमध्ये १८७९ च्या सुमारास ही पद्धत काढली आणि १८८४ मध्ये पेटंट घेतलं. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावात दाबाखाली शिजवतात. तंतू लांब आणि धडधाकट राहतात, आणि राळेचं प्रमाण जास्त असलेलं पाइनचं लाकूडही चालतं, जे सल्फाइटला चालत नव्हतं.

खरी कमाल शिजवून झाल्यावर आहे. उरलेल्या काळ्या द्रावात लाकडाचा निम्मा भाग आणि बहुतेक सगळी रसायनं असतात. तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निनच्या जळण्यातून वाफ आणि वीज मिळते, तळाशी रसायनं वितळून जमा होतात, चुन्याने त्यांवर प्रक्रिया करून ती पुन्हा शिजवायला घेतात. १९३० च्या दशकात टॉमलिन्सनचा रिकव्हरी बॉयलर आला आणि हे चक्र पूर्ण झालं. सल्फाइट मागे पडण्याचं हे मोठं कारण आहे. शाळेत कागद गिरणीबद्दल शिकवताना हा भाग सहसा गाळला जातो, आणि तोच तर आर्थिक कणा.

गिरणीच्या परिसरात कुजक्या अंड्यांसारखा वास का येतो?

क्राफ्टमधल्या गंधकामुळे. हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टनसारखे वायू अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात. आधुनिक गिरण्या ते गोळा करून जाळतात, त्यामुळे वास पूर्वीपेक्षा खूप कमी झाला आहे.

शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात तुटतं, पण चारशे वर्षांपूर्वीचं धडधाकट असतं. असं का?

दोन कारणं आहेत आणि ती लोक एकत्र करतात. पिवळेपणा मुख्यतः लिग्निनमुळे येतो. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की दोन दिवसांत दिसतं. तुटकेपणा येतो आम्लामुळे. १८०७ मध्ये जर्मनीतल्या मोरित्झ इलिग याने सरस लावण्याऐवजी राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यंत्राला ती अगदी सोयीची होती, म्हणून एकोणिसाव्या शतकात सगळीकडे पसरली. पण या प्रकारच्या तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते तंतू आतून तोडत राहतं. त्यामुळे चिंध्यांचा उत्तम कागदही तुरटी घातली तर ठिसूळ होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विल्यम बॅरो याने हे प्रयोगांनी पक्कं दाखवलं. पुढे आम्लविरहित सरस आली, भर म्हणून चुनखडीची पूड वापरता येऊ लागली आणि १९८० च्या दशकापासून गिरण्या मोठ्या प्रमाणावर तिकडे वळल्या. मधल्या दीडशे वर्षांतली पुस्तकं सांभाळणारी ग्रंथालयं मात्र आजही हे भोगत आहेत.

गिरणीत बायका कोणती कामं करायच्या?

चिंध्यांच्या काळात गिरणीतल्या कामगारांत बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि इतिहासात त्यांची नावं सर्वांत कमी आहेत. चिंध्या निवडण्याच्या खोलीत एका मेजाला कोयत्यासारखं लांब पातं उभं बसवलेलं असे. त्याची पाठ बाईकडे, धार पलीकडे. ती कापड दोन्ही हातांनी धरून धारेवर ओढायची, शिवणी उसवायची, बटणं आणि हुक तोडून काढायची आणि तुकडे प्रतीप्रमाणे वेगवेगळ्या खणांत टाकायची. मेजाचा पृष्ठभाग जाळीचा, म्हणजे धूळ खाली पडावी. तरी खोलीत धुळीचा थर असायचाच. ही धूळ अनोळखी लोकांच्या कपड्यांची, अंथरुणांची. देवीच्या साथी चिंध्यांबरोबर गिरणीत येत आणि पहिल्यांदा निवडणाऱ्या बायकांना गाठत.

दुसऱ्या टोकाला, तयार कागद तपासणं, मोजणं आणि बांधणं हेही बहुतेक बायकांचंच काम. मधलं हौदाचं आणि यंत्राचं काम पुरुषांचं, आणि पगार तिथे जास्त.

भारतात कागद गिरण्या कधी सुरू झाल्या?

हातकागद इथे शतकानुशतकं होता. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि जुन्नर ही आपल्याकडची नावाजलेली केंद्रं. मराठेशाहीच्या दफ्तरांत तो कागद आहे. यंत्राच्या दिशेने पहिलं पाऊल बंगालमधल्या श्रीरामपूरला पडलं. तिथल्या मिशनऱ्यांनी कागद गिरणीसाठी १८२० मध्ये इंग्लंडहून वाफेचं इंजिन आणलं. मोठ्या गिरण्या १८६० नंतरच्या: हुगळीकाठची बाली, लखनौची अपर इंडिया कूपर, टिटागड, पुण्याची डेक्कन पेपर मिल.

या गिरण्या चिंध्या, तागाचे तुकडे आणि सबई गवतावर चालत. लाकडाचा स्वस्त कागद परदेशातून येऊ लागला आणि गवत पुरेनासं झालं. इथलं उत्तर बांबू होतं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट याने बांबू टप्प्याटप्प्याने शिजवण्याची पद्धत बसवली आणि १९२५ मध्ये बांबूच्या कागद उद्योगाला आयातकराचं संरक्षण देणारा कायदा झाला. चंद्रपूरच्या जंगलालगत बल्लारपूरची गिरणी उभी राहिली तीही बांबूच्या भरवशावर. १९५० च्या दशकात नेपानगरला वर्तमानपत्राचा कागद सुरू झाला, तिथे बांबूबरोबर सलईचं लाकूड वापरलं. उसाच्या चिपाडापासून वर्तमानपत्राचा कागद तामिळनाडूत १९८० च्या दशकात झाला. बांबू, सलई, चिपाड: आपल्याकडचा हा क्रम युरोपच्या वाटेने गेलाच नाही, आणि म्हणून तो स्वतंत्रपणे अभ्यासायला हवा.

नद्यांचं नुकसान किती झालं?

खूप झालं, आणि ते फक्त जुन्या अज्ञानातून झालेलं नाही. सल्फाइट गिरण्या शिजवलेला द्राव सरळ नदीत सोडत. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपायचा आणि मासे मरायचे. सगळ्यांत वेदनादायक उदाहरण कॅनडाच्या ऑन्टारिओतलं. ड्रायडन इथे कागद गिरणीसाठी क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यातून १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ-दहा टन पारा वाबिगून नदीत गेला. खालच्या अंगाला राहणाऱ्या ग्रासी नॅरोज आणि व्हाइटडॉग इथल्या आदिवासींचं अन्न आणि रोजगार दोन्ही मासे होते. जपानच्या मिनामाटा शहरात झाली तशा पाराविषबाधेची लक्षणं त्यांच्यात दिसली आणि तो त्रास पुढच्या पिढ्यांपर्यंत आला.

१९८० च्या दशकात क्लोरीनने विरंजन करणाऱ्या गिरण्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य सापडलं. त्यानंतर क्लोरीन वायू सोडून क्लोरीन डायॉक्साइड, ऑक्सिजन, पेरॉक्साइडकडे उद्योग वळला. हे तंत्र आधीही माहीत होतं. नियम आणि लोकांचा दबाव आल्यावरच ते सर्रास वापरात आलं, हे नोंदवायला हवं.

रद्दीपासून कागद ही नवी कल्पना आहे का?

मुळीच नाही. जर्मनीत युस्टुस क्लाप्रोट याने १७७४ मध्ये छापील कागदाची शाई काढून नवा कागद करून दाखवला होता. शिवाय चिंध्यांचा कागद म्हणजे टाकाऊ मालाचाच कागद. गिरणी नव्या झाडावर चालू लागली, ही त्यामानाने अलीकडची गोष्ट.

आजचं यंत्र रोबेरच्या यंत्रापेक्षा किती वेगळं आहे?

आकार आणि वेग ओळखू येणार नाही इतके बदलले. मोठ्या यंत्राची रुंदी दहा मीटरच्या पुढे जाते, वेग मिनिटाला दोन हजार मीटरपर्यंत, म्हणजे तासाला एकशेवीस किलोमीटर. तत्त्व तेच: जाळीवर येणाऱ्या लगद्यात नव्व्याण्णव टक्के पाणी, आधी ते गाळायचं, मग रुळांमध्ये पिळायचं, शेवटी वाफेच्या सिलिंडरांवर उडवायचं.

जुन्या पद्धतीच्या उघड्या जाळीच्या यंत्राजवळ उभं राहायची संधी मिळाली तर ओल्या टोकाकडे नीट बघा. लगदा जाळीवर पडतो तेव्हा काचेसारखा चमकतो. थोडं पुढे एका रेषेपाशी ती चमक एकदम जाते आणि पृष्ठभाग मंद दिसायला लागतो. तिथे पाणी तंतूंच्या खाली गेलेलं असतं. रेषा पुढे सरकली की पाणी नीट गळत नाही, मागे आली की लगदा लवकर बसतोय. वाकडी झाली तर एका बाजूचं वजन बिघडलं. आता हे सेन्सर मोजतात, पण अनुभवी मशिनमन आत आला की त्याची नजर पहिल्यांदा त्या रेषेवरच जाते.

इतक्या गिरण्या बंद का पडल्या?

छपाईच्या आणि वर्तमानपत्राच्या कागदाची मागणी घटली, हे सगळ्यांना दिसणारं कारण. दुसरं कच्च्या मालाचं. उत्तरेकडच्या थंड जंगलात झाड वाढायला अनेक दशकं लागतात. ब्राझीलमध्ये निलगिरी सुमारे सात वर्षांत तोडायला येते. लगदा तिकडे स्वस्त झाला आणि जुन्या गिरण्यांचं गणित मोडलं. तिसरं, अरुंद जुनी यंत्रं. त्याच माणसांत आणि जवळपास त्याच देखरेखीत रुंद यंत्र कितीतरी पट माल काढतं. खोक्यांच्या कागदाची मागणी वाढल्याने काही गिरण्यांनी यंत्रं तिकडे वळवली आणि त्या तरल्या.

जुनी गिरणी प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

फिनलंडमधल्या व्हेर्ला इथली लाकूड-लगदा आणि पुठ्ठ्याची गिरणी १९६४ मध्ये बंद झाली, तेव्हा आतली यंत्रं होती तशी ठेवली गेली. १९९६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथे एका कामगार बाईच्या पायांनी वर्षानुवर्षं उभं राहून झिजलेली लाकडी जमीन दाखवतात. फ्रान्समध्ये अंबेरजवळ रिशार द बा, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलची कागद गिरणी आणि इंग्लंडमध्ये फ्रॉगमोर हीही पाहण्यासारखी ठिकाणं.

मला एखाद्या बंद पडलेल्या गिरणीचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तिने कोणत्या वर्षी कोणता कच्चा माल वापरला, याची एक साधी तारीखवार यादी करा. बाकीच्या घडामोडी तिच्याभोवती आपोआप जुळत जातात. नवी इमारत, नवा बॉयलर, कामगारांची भरती-कपात, नदीबद्दलच्या तक्रारी यांतलं बरंच काही कच्चा माल बदलला त्या सुमाराचं निघतं.

मग यंत्रांवरच्या बांधणाऱ्यांच्या पाट्या टिपून घ्या. यंत्र भंगारात गेलं की हा पुरावाही जातो. विम्याचे नकाशे आणि आगीच्या नोंदी शोधा, कारण कागद गिरण्यांना आगी वारंवार लागत आणि त्यानंतरची पाहणी तपशीलवार असे. ब्रिटनमधल्या गिरणीबद्दल लिहीत असाल तर कागदावरचा अबकारी कर १८६१ मध्ये उठेपर्यंत प्रत्येक गिरणीला क्रमांक असायचा, त्यावरून मालक बदलले तरी माग लागतो. गिरणीने केलेला कागद मिळाला तर जलचिन्ह बघा आणि कडेचा अगदी छोटा तुकडा प्रयोगशाळेत देता आला तर तंतू तपासून घ्या. हिशेबाच्या वहीपेक्षा तो जास्त खरं सांगतो.

आणि माणसांशी बोलायला उशीर करू नका. यंत्रांचे नकाशे कुठे ना कुठे सापडतात. भट्टीवर रात्रपाळी करणाऱ्याने शिजल्याचा अंदाज कशावरून घेतला, फेल्ट बदलताना किती माणसं लागत, कोणत्या खात्यात कोणाला घेत नसत, हे कागदावर सहसा उतरलेलंच नसतं. बोलणं रेकॉर्ड करा, शक्य असेल तर गिरणीच्या आवारात फिरता फिरता. प्रत्येक जागेपाशी आलं की तिथलं वेगळं काही आठवतं.